प्रेक्षक थोडे उशिरा येऊ द्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बहुतेक शाळांत नाटक वर्षातून एकदाच येते. गॅदरिंगची तारीख ठरली की कुठूनतरी एक संहिता निघते, तिच्या झेरॉक्स काढल्या जातात, ज्यांचा आवाज खणखणीत आणि पाठांतर चांगले अशी सहा-सात मुले निवडली जातात आणि तीन आठवडे रोज शेवटच्या तासाला नाटक बसवले जाते. उरलेला वर्ग खिडकीतून बघतो. प्रयोग होतो, टाळ्या पडतात, भाड्याचे कपडे परत जातात आणि पुढच्या वर्षापर्यंत नाटकाचे नाव निघत नाही. यात शिक्षकांची हौस कमी नसते, कष्ट तर मुळीच कमी नसतात. पण याला नाटक शिकवणे म्हणता येणार नाही. गणिताचा तास वर्षातून तीन आठवडे, तोही वर्गातल्या सात मुलांपुरता घेतला तर आपण जे म्हणू, तेच इथेही म्हणायला हवे. माझे सांगणे असे आहे की शाळेत नाटक खरोखर शिकवायचे असेल तर ते पहिलीपासून सगळ्यांना शिकवावे, वर्षभर शिकवावे आणि प्रेक्षकांना मात्र होता होईल तितके उशिरा बोलवावे. कोणत्या वयात काय शिकवायचे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर प्रेक्षक कधी आणायचे यात दडलेले आहे.

हा विचार माझा एकट्याचा नाही. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांचे ‘चाइल्ड ड्रामा’ हे पुस्तक 1954 साली आले. मुलांचे खेळ वर्षानुवर्षे बघून त्यांनी ते लिहिले होते. लहान मूल खेळताना एका दिशेला तोंड करून उभे राहत नाही, ते गोल फिरते, सगळी जागा वापरते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा मुलाला मंचावर चढवले की त्याचे खेळणे थांबते आणि दाखवणे सुरू होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुढे 1967 साली ब्रायन वे यांनी तोच धागा पुढे नेला. रंगभूमीत नट आणि प्रेक्षक यांच्यात काय घडते ते महत्त्वाचे, तर मुलांच्या नाट्यखेळात खेळणाऱ्याला काय अनुभव येतो ते महत्त्वाचे, असा फरक त्यांनी केला. आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधी, 1920 साली, गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक आधी मुलांना गोष्टी सांगतो, मग मुले त्याच गोष्टींचे नाटक करतात. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले आणि परिसरात मिळेल त्या वस्तूला शिक्षणाचे साधन मानले. नाटकाला महागडे साहित्य लागते असे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिली ते तिसरीच्या मुलांना पात्र, प्रवेश, संवाद यांतले काहीच लागत नाही. त्यांना ऐकणे, थांबणे, एकदम सुरू करणे आणि दुसऱ्याच्या हालचालीला आपल्या हालचालीने उत्तर देणे शिकायचे असते. कणकुंबीसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावात जून ते सप्टेंबर मुलांना अंगण मिळत नाही, पण पाऊसच इथे कामाला येतो. मुलांना गोल बसवा. तुम्ही एका बोटाने दुसऱ्या तळहातावर टकटक सुरू करा, शेजारच्या मुलाने ती उचलायची, मग त्याच्या शेजारच्याने, अशी ती गोल फिरून तुमच्यापर्यंत आली की दोन बोटे, मग चार, मग मांडीवर थापा, मग पाय जमिनीवर. वर्गात मुसळधार पाऊस सुरू होतो. आता त्याच वाटेने उलटे यायचे: पाय थांबले, थापा थांबल्या, चार बोटे, दोन, एक. ते शेवटचे एक बोट ऐकू यावे म्हणून तीस मुले आपण होऊन गप्प बसतात, त्यांना कुणी ‘शांत बसा’ म्हणावे लागत नाही. लय, ताल, सामूहिक शिस्त, शांततेचे मोल हे नटाच्या शिक्षणाचे पहिले धडे पाच मिनिटांत, एक पैसा न खर्चता झाले. दुसऱ्या दिवशी विचारा की कौलांवरचा पाऊस कसा वाजतो, पत्र्यावरचा कसा आणि केळीच्या पानावरचा कसा. प्रत्येक मूल वेगळा आवाज काढील आणि सगळी बरोबर असतील.

याच वयासाठी आणखी एक युक्ती फार उपयोगी आहे. न्यूकॅसलच्या डोरोथी हीथकोट यांनी ती जगभरच्या शिक्षकांना शिकवली: शिक्षकाने स्वतः पात्र व्हायचे आणि तेही मुलांची मदत हवी असलेले पात्र. बाई खांद्यावर कांबळे घेऊन दारातून आत येतात आणि म्हणतात, ‘पोरांनो, चोर्ल्याकडची वाट हीच काय? धुक्यात काय बी दिसना झालंय.’ बाईच आहेत हे मुलांना ठाऊक असते, तरी ती लगेच वाट सांगू लागतात. एक जण पुलाची खूण सांगतो, दुसरी म्हणते रात्र होईल, आमच्याकडे राहा, तिसरा विचारतो, तुमच्याजवळ बॅटरी आहे का. रोज ज्यांना उत्तरे द्यावी लागतात, ती मुले इथे जाणकार होतात आणि मोठे माणूस अडचणीत असते. या अदलाबदलीत मुले जितकी बोलतात तितकी ‘तुझे नाव सांग’ म्हटल्यावर कधी बोलत नाहीत. हे बघायला कुणी बाहेरचा आला, अगदी कौतुकाने मोबाइल धरून पालक आले, तरी खेळ मोडतो. मुले वाटसरूकडे पाहायची सोडून मोबाइलकडे बघू लागतात. म्हणून या वयात प्रेक्षक अजिबात नकोत, हे मी ठामपणे म्हणतो. गॅदरिंगला या मुलांनी गाणे म्हणावे, लेझीम धरावी, पण नाटक त्यांच्या वर्गातच राहू द्यावे.

चौथीपासून साधारण सहावीपर्यंत मुलांना गोष्ट हवी असते आणि ती टोळीने करायची असते. इथे आपल्या भागाकडे जे आहे ते भल्याभल्या शहरांकडे नाही. कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की गोव्यातली सत्तरी लागते, आणि सत्तरीच्या झर्म्यासारख्या गावांत शिगम्याच्या दिवसांत आजही रणमाले होते. रामायण-महाभारतातल्या कथा, ‘जत’ नावाची गाणी, आणि सगळी पात्रे रंगमंचावर ओळीने उभी. ही माणसांची ओळ हाच तिथला पडदा. ज्याची पाळी येते तो पुढे होतो, आपला भाग करतो आणि पुन्हा ओळीत जातो. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ तिथे झाले होते आणि भाव्यांच्या खेळालाही सूत्रधाराच्या पदांचाच आधार होता. पात्रे गद्य बोलणे आयत्या वेळी रचीत. मराठी नाटकाचा आरंभच असा सीमेवरचा, दोन भाषांच्या देवघेवीतला आहे. मुलांना शिकवण्यासाठी रणमाल्यातल्या या ओळीहून सोयीचा आकृतिबंध नाही. ओळीत सगळ्यांना जागा आहे, कुणी विंगेत ताटकळत नाही, विसरलेल्याला शेजारचा सांभाळून घेतो आणि लाजरे मूल आधी नुसते ओळीत उभे राहून महिनाभराने एक पाऊल पुढे येऊ शकते.

या ओळीसाठी विषय शोधायला लांब जाऊ नका. मलप्रभा कणकुंबीला, सुमारे 792 मीटर उंचीवर उगम पावते आणि 304 किलोमीटर वाहून कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते. चौथी-पाचवीच्या वर्गाला ही नदी करायला द्या. एक जुने लुगडे घ्या, त्याचे एक टोक एका मुलीच्या हातात, ती माउलीच्या देवळाजवळचा झरा. हब्बनहट्टी, असोगा, खानापूर असे एकेक गाव ओळीतून पुढे येते, लुगड्याला हात लावते, नदी रुंद होत जाते. प्रत्येक गाव तिला काहीतरी विचारते किंवा सांगते: कपडे धुवायला आलेली बाई, रोपलावण करणारा शेतकरी, काठावरचे माकड. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचे धरण लागते. तिथे दोन मुले हात जोडून दरवाजा धरतात आणि आतापर्यंत धावत आलेल्या नदीला जागीच थांबावे लागते. थांबलेले पाणी कसे उभे राहते, हे शरीराने दाखवायला सांगा. हा प्रश्न ऐकून वर्गातला गोंगाट ओसरतो, कारण पळणे सोपे आणि थांबून जिवंत राहणे अवघड आहे, हे मुलांना तिथे अंगाने कळते. मग दरवाजे उघडतात, पट्टदकल आणि ऐहोळची देवळे पुढे येतात आणि शेवटी कृष्णा. भूगोल झाला, इतिहास झाला, गाणी मुलांनीच रचली, आणि पाठ करायला कागद दिला नाही.

या नदीच्या खेळात आणखी एक गोष्ट साधते. वरच्या अंगाला नदी मराठी बोलते, पुढे कुणी नाव विचारले तर तिला ‘नन्न हेसरु मलप्रभा’ म्हणावे लागते. सीमाभागातल्या मुलाच्या वाट्याला घरची बोली, पुस्तकातली मराठी, शाळेतली कन्नड आणि वर इंग्रजी अशा चार भाषा येतात. त्यांतल्या तीन त्याला चुकायच्या भीतीखाली शिकाव्या लागतात. नदी होऊन कन्नड बोलताना चूक नदीची असते, मुलाची नसते. म्हणून ते मोकळे बोलते. घरच्या बोलीचेही तसेच. बेळगावकडची मराठी नाटकांत आणि विनोदी लेखनात बहुधा हसू पिकवायला येते. मुलांच्याही हे लक्षात येते आणि मंचावर चढताच ती ठेवणीतली, पुस्तकी, ताणलेली भाषा बोलू लागतात. तिथे शिक्षकाने जरा धीर धरावा. राजा आणि देवी ‘काय करालास’ म्हणाले तर बिघडत नाही. अशाने मुलांची प्रमाण मराठी कच्ची राहील, अशी भीती पालकांना वाटते, आणि ती चुकीच्या काळजीतून आलेली नाही. पण भाषा कधी बदलायची हे कळणे हाच भाषेचा सर्वांत वरचा धडा असतो, आणि तो नाटकाइतका स्पष्ट कुठे मिळत नाही. आजी एका भाषेत बोलते, तहसीलदार दुसऱ्या, सूत्रधार तिसऱ्या. तिन्ही करणारा मुलगा एकच असला की त्याला प्रत्येकीची जागा कळते.

सातवी-आठवीचे वय अवघड. आवाज फुटतो, उंची वाढते, मुलगे-मुली एकमेकांसमोर अवघडतात, आणि कालपर्यंत वाघ होणारा मुलगा आज भिंतीला पाठ लावून उभा राहतो. या वयात ‘आता एखादी गोष्ट करून दाखवा’ म्हटले तर उपयोग होत नाही. त्यांना बाजू हवी असते, न्याय-अन्याय हवा असतो. त्यांना खरा पेच द्या, ज्यात कुणीच खलनायक नाही असा. कणकुंबीजवळच्या, म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याचा वाद पिढ्यान् पिढ्या चालला आहे. म्हादई लवादाने 2018 साली निवाडा देताना कळसा आणि बंडुरा या दोन नाल्यांचे मिळून 3.9 टीएमसी पाणी वळवायला मुभा दिली, तरी वाद मिटलेला नाही. एक गट नरगुंद-नवलगुंदचा तहानलेला शेतकरी, एक सत्तरीतला बागायतदार, एक कणकुंबीतले घर, एक जंगलातली जनावरे. प्रत्येक गटाने आधी माहिती जमवायची, मग सभा भरवायची. अर्ध्या तासाने गटांची अदलाबदल करायची: जो सत्तरीचा होता तो आता नवलगुंदचा. शाळेत राजकारण आणता, असे कुणी म्हणेल. त्यावर उत्तर हेच की राजकारण गावात आधीच आहे; शिक्षकाने स्वतःची बाजू न सांगता मुलाला समोरच्याच्या तोंडून बोलायला लावले, तर ते भांडणापासून दूरच नेणारे आहे. मात्र बाजू बदलण्याची पायरी वेळ नाही म्हणून कधीही गाळू नये. ती गाळली तर उरते नुसती वादावादी.

संहितेविना हे नाटक कसे, असा आक्षेप याच ठिकाणी येतो. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या जत्रांत रात्ररात्र चालणाऱ्या दशावताराला लिखित संवाद नसतात. कथानक ठरते, पात्रे ठरतात, बोलणे मंचावर जन्मते, आणि त्याला नाटक नाही असे त्या प्रेक्षकांपैकी कुणी म्हणणार नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी आधी बोलावे, मग त्यांतल्याच दोघा-तिघांनी जे चांगले बोलले गेले ते वहीत उतरवावे, पुन्हा करून बघावे, खोडावे. पंधरा मिनिटांचे नाटुकले असे महिन्याभरात तयार होते. त्याला पहिले प्रेक्षक म्हणून शेजारचा वर्ग बोलवावा. मंच नको, बाके तिन्ही बाजूंनी लावून मध्ये जागा ठेवा, म्हणजे आवाज चढवावा लागत नाही आणि चेहरे दिसतात. पात्रे वाटताना एक सवय मात्र शिक्षकाने जाणीवपूर्वक मोडावी: गोरा-उंच मुलगा राजा, सावळा-जाड मुलगा राक्षस, आणि ज्याच्या घरी हे काम चालते त्यालाच झाडूवाला किंवा मोळीवाला. मुलांच्या मनावर ही वाटणी पाठांतरापेक्षा जास्त काळ टिकते. तालमीत प्रत्येक मुख्य पात्र निदान तिघांनी करून पाहिले की शेवटी कुणी करायचे हे मुलेच बिनचूक ठरवतात.

नववी-दहावीला मग खुशाल पुरी संहिता घ्या. आता दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याच्या मागे काय आहे ते शोधायची कुवत त्यांच्यात आलेली असते. पाठांतर इथे ओझे होत नाही, कारण आपण का बोलतो हे आधी कळलेले असते. याच वयात पडद्यामागची कामे शिकवावीत: प्रकाश, पार्श्वसंगीत, वस्तूंची यादी, प्रॉम्प्टिंग. अभिनयाची भीती असलेली कितीतरी मुले इथे फुलतात. मोठ्यांच्या बालरंगभूमीची ओळखही आता करून द्यावी. सुधा करमरकरांनी 1959 साली ‘लिटल थिएटर’ उभे केले, रत्नाकर मतकरींनी पुढे ‘निम्मा शिम्मा राक्षस’सारखी नाटके दिली, सुलभा देशपांडे यांच्या ‘चंद्रशाळे’च्या ‘दुर्गा झाली गौरी’त मुलांचा मोठा ताफा नाचत-गात मंचावर आला, आणि बर्लिनची ग्रिप्स चळवळ डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे पुण्यात रुजली. ग्रिप्समध्ये मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या अडचणींचे असतात. मुलांसाठी मोठ्यांनी केलेले नाटक आणि मुलांनी केलेले नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा कळले की गावातल्या सातवीच्या मुलांकडून शहरातल्या व्यावसायिक प्रयोगाची नक्कल करून घेण्याचा मोह सुटतो. कर्नाटकाचीही परंपरा इथल्या मुलांचीच आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 साली हेग्गोडूसारख्या खेड्यात ‘नीनासम’ सुरू केले. देशाला नट-दिग्दर्शक पुरवणारी संस्था आडगावात उभी राहते, हे खानापूरच्या मुलांना कळायलाच हवे.

वेळ कुठून आणायचा, हा सर्वांत खरा आक्षेप आहे. दोन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या शाळेत नाटकाचा वेगळा तास मागणे अन्यायाचे ठरेल. पण वर वर्णन केलेल्या कामांतले एकही वेगळ्या तासाचे नाही. पाऊस परिपाठानंतरच्या पाच मिनिटांत होतो, नदी भूगोलात, पाण्याची सभा समाजशास्त्रात, आणि वाटसरू कन्नडच्या तासाला आला तर तो कन्नडच बोलेल. शिवाय लहान शाळेत वर्ग एकत्र बसतात, ही नाटकाला अडचण नाही. कर्नाटकातल्या ‘नली-कली’ पद्धतीत पहिली ते तिसरीची मुले एकत्र, गटागटाने शिकतात. ओळीच्या नाटकाला अशीच लहानमोठ्यांची मोट हवी असते. शिक्षकांना अभिनय येत नाही, हा दुसरा आक्षेप. त्यांना तो येण्याची गरज नाही. कांबळे घेऊन आलेल्या बाईंनी हुबेहूब वाटसरू वठवला तर मुले बघत बसतील. थोडा कच्चा वठवला तर मदतीला धावतील. गावातली जी माणसे भजनात टाळ धरतात किंवा शिगम्यात गातात त्यांना वर्षातून दोनदा शाळेत बोलवा, मानाने बसवा आणि मुलांना त्यांच्याकडून एक चाल शिकू द्या.

राहिले स्पर्धा आणि गॅदरिंग. ‘प्रतिभा कारंजी’ या शालेय स्पर्धेत केंद्र पातळीवर नंबर आला की शाळेचे नाव होते, आणि दूरच्या गावातल्या शाळेला या नावाची गरज असते, हे मी नाकारत नाही. पटसंख्या घटत असताना पालकांना काहीतरी दिसावे लागते. तेव्हा स्पर्धेला जावे, फक्त संघ निवडायचा तो वर्षभर सगळ्या वर्गाने केलेल्या कामातून, डिसेंबरात आवाज तपासून नव्हे. गॅदरिंगलाही सातवी-आठवीचे स्वतः रचलेले पंधरा मिनिटांचे नाटुकले ठेवता येते. त्या दिवशी शामियान्यातल्या उंच मंचावर ते न करता समोरच्या सतरंजीवर, गावकऱ्यांच्या मधोमध करावे. माईक एकच असतो आणि तो नेमका राजाच्याच हातात राहतो. सतरंजीवर त्याची गरज पडत नाही. सुरुवातीला मुलांना ओळीत उभे करावे, सूत्रधार मुलीने एकेकाचे नाव आणि घराचे ठिकाण सांगावे, आणि मग पहिल्या मुलाने एक पाऊल पुढे टाकावे.